आपल्या प्रभागाचे काम अंदाजपत्रकात कसे येईल?

प्रश्न : आमच्या पेठेतील बसथांब्याजवळ ज्येष्ठ नागरिकांसाठी बाक आणि सलग पदपथ हवा आहे. अशी कामे नगरसेवकाच्या मार्फतच सुचवावी लागतात का? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. पुणे महानगरपालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक तयार करण्याची पद्धत आहे. तीनुसार कोणताही रहिवासी आपल्या प्रभागातील लहान कामे क्षेत्रीय कार्यालयाकडे ठरावीक अर्जावर सुचवू शकतो. पदपथ, बाक, पथदिवे, बसथांबे यांसारखी सार्वजनिक कामे त्यात बसतात. सोसायटीच्या आवारातील खासगी कामे मात्र बसत नाहीत. नवे आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होत असले तरी सूचना त्याच्या कित्येक महिने आधी मागवल्या जातात, आणि नेमकी हीच मुदत बहुतेकांच्या हातून निसटते.

अर्ज लिहिताना ‘रस्ता खराब आहे’ एवढेच लिहू नये. ती तक्रार झाली, प्रस्ताव नव्हे. कोणत्या चौकापासून कोणत्या इमारतीपर्यंत, अंदाजे किती मीटर आणि काय हवे, हे नकाशा व छायाचित्रासह द्यावे. शेजारच्या चार घरांच्या सह्या घेतल्यास, नियमाने आवश्यक नसले तरी, प्रस्तावाला वजन येते, असा माझा समज आहे. अर्जाची पोच अवश्य घ्यावी. पुढे काहीच कळले नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली प्रस्तावाची सद्यःस्थिती विचारता येते. त्या अर्जाला सामान्यतः 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.