एचआरडीवाल्याचं (एचआरडी म्हणजे मनुष्यबळ विकास, कंपनीतल्या माणसांना कामात पुढे नेणं) काम म्हणजे फक्त ट्रेनिंग देणं का?

नाही हो, ट्रेनिंग हा त्यातला एक तुकडा. या क्षेत्रातल्या तज्ज्ञ पॅट्रिशिया मॅक्लेगन यांच्या १९८९ च्या अभ्यासात या कामाचे ११ रोल आणि त्यांना लागणाऱ्या ३५ कॉम्पिटन्सी (क्षमता) आहेत. रोल म्हणजे ट्रेनिंगची गरज शोधणारा, कोर्स डिझाइन करणारा, शिकवणारा, करिअरचा सल्ला देणारा, नंतर फरक पडला का तपासणारा वगैरे वगैरे. मला विचाराल तर गरज ओळखणं सगळ्यात अवघड, कारण मॅनेजर येऊन सांगतो "टीमला एक्सेलचं ट्रेनिंग द्या" आणि जरा खोलात गेलं की कळतं एक्सेल सगळ्यांना येतं, डेटाच दुसऱ्या डिपार्टमेंटकडून उशिरा येतोय, मग ट्रेनिंग देऊन काय उपयोग? तेव्हा मॅनेजरला तोंडावर नाही म्हणता यायला हवं, आणि त्यासाठी कंपनीचं काम कसं चालतं ते माहीत लागतं. पीपीटी काय, कोणीही बनवतं.