कृतिसंशोधनातलं ‘शोधन’

कांदिवलीच्या एका प्राथमिक शिक्षिकेने विचारलंय: ‘कृतीसंशोधन’ लिहायचं की ‘कृतिसंशोधन’? आणि ‘क्रियात्मक संशोधन’ म्हणजे तेच का?

कृतिसंशोधन, म्हणजे इंग्रजीतलं ‘अ‍ॅक्शन रिसर्च’: शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहायचा नि परिणाम तपासायचा. एकटा असताना ‘कृती’, समासात पहिला आला की संस्कृतातला ऱ्हस्व परत येतो. कवी, पण कविसंमेलन. 1962च्या लेखननियमांत हे स्पष्ट आहे, तरी प्रशिक्षणांच्या फलकांवर दीर्घ ‘ती’च मिरवते.

माझे कान किटलेत ते मात्र वेगळ्याच कारणाने. ‘माझं कृतिसंशोधन झेरॉक्सला दिलंय’ असं शिक्षक म्हणतात. आत काय? मुलांकडून प्रश्नावली भरून घेतली, टक्केवारी काढली, बाइंडिंग केलं. वर्गात तसूभरही काही बदललं नाही. त्याला पाहणी म्हणा की! मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनने 1946 साली ही कल्पना मांडली तेव्हाच आखणी, कृती, परिणामांची तपासणी आणि पुन्हा आखणी असा फेरा सांगितला होता. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ स्टीफन कोरीने 1953च्या पुस्तकात ती शाळांसाठी उलगडली.

आता खरी गंमत. टिपणांतून विग्रह देतात ‘कृतीतून संशोधन’. मला साफ नामंजूर. कृतीतून तर वडेही तळले जातात! हा षष्ठी तत्पुरुष आहे: कृतीचं संशोधन. मूळ धातू ‘शुध्’, म्हणजे शुद्ध होणं. वैद्य पाऱ्याचं शोधन करतात ते त्यातला दोष काढायला. शके 1506मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ते सांगणाऱ्या त्यांच्या ओवीतही ‘शोधूनियां’ आहे. पाठभेद हुडकणं आणि पाठ निर्मळ करणं, दोन्ही त्या एका क्रियापदात. पुढे आपण मराठी माणसांनी हुडकणं ठेवलं नि निर्मळ करणं विसरलो. हिंदीने ते जपलं: आपली घटनादुरुस्ती तिकडे ‘संविधान संशोधन’. आणि दैवगती बघा, जिथे हा अर्थ चपखल बसला असता तिथे हिंदीवाले ‘क्रियात्मक अनुसंधान’ म्हणतात! आपलं ‘क्रियात्मक संशोधन’ त्याचंच भावंड; अर्थ तोच, पण माझ्या लेखी शब्द दुय्यम.

‘इंग्रजी संज्ञेचं ते साधं भाषांतर, एवढं खोल कशाला जाता?’ असं एक भाषातज्ज्ञ मला नेहमी ऐकवतात. भाषांतर करणाऱ्याच्या मनात काय होतं, याच्याशी मला कर्तव्य नाही. शब्दात काय आहे ते मी सांगतोय.

तेव्हा बाई, मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नसेल, तर आधी त्यांच्या वह्यांतल्या चुका टिपा. मग काड्यांचे गठ्ठे सोडायला लावून शिकवा, पुन्हा वह्या ताडून पाहा आणि तरी अडलं तर रीत बदला. यात दुरुस्त व्हायचं ते आधी तुमचं शिकवणं. बाइंडिंगचा रंग कुठलाही चालेल.