व्हेरिएबल फॉन्टमधील कर्निंग

प्रश्न : मी देवनागरी व लॅटिन अक्षरांचा व्हेरिएबल फॉन्ट (ज्याच्या एकाच फाइलमधून बारीक ते ठळक अशी सर्व वजने मिळतात) तयार करत आहे. लाइट आणि बोल्ड मास्टरमध्ये, म्हणजे त्या वजनांच्या मूळ रेखाटनांत, कर्निंग (अक्षरांच्या जोडीतील अंतराची जुळवणी) नीट दिसते, परंतु एक्स्पोर्ट केल्यावर मधल्या वजनांत काही जोड्या सैल पडतात. असे का होते?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : मधल्या वजनाचे कर्निंग स्वतंत्रपणे साठवलेले नसते, ते मास्टरांतील मूल्यांवरून मोजले जाते. त्यामुळे एखाद्या जोडीला लाइटमध्ये उणे ४० (म्हणजे अक्षरे ४० एककांनी जवळ) दिले असेल आणि बोल्डमध्ये ती जागा रिकामी असेल, तर रिकामी जागा शून्य धरली गेल्यास मध्यावर केवळ उणे २० उरते. म्हणून प्रत्येक जोडी सर्व मास्टरांत नोंदवावी, मूल्य शून्य हवे असेल तरीही. अधिक फसवे असतात ते ग्रुपचे (एकच कर्निंग घेणाऱ्या अक्षरांच्या गटाचे) अपवाद: एकाच मास्टरमध्ये दिलेला अपवाद इतरत्र ग्रुपच्या मूल्याशी जुळतोच असे नाही, तेव्हा तेथे तोच अपवाद ग्रुपचे मूल्य लिहून स्पष्टपणे द्यावा, आणि ग्रुपची रचनाही सर्व मास्टरांत अगदी सारखी ठेवावी. एखाद्या अक्षरापुरता मधला स्तर (दोन मास्टरांमधले जादा रेखाटन) जोडला असेल, तर त्याने आकार बदलतो, कर्निंग नव्हे. त्यासाठी पूर्ण मास्टरच लागतो.

देवनागरीत धन मूल्याने, म्हणजे अंतर वाढवल्याने, शिरोरेषा तुटू शकते, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. म्हणून अक्षरांची शिरोरेषा एकमेकांवर थोडी चढते ना, हे प्रत्येक वजनात पाहावे. तपासणी ब्राउझरमध्ये करावी, कारण काही जुने मांडणी-प्रोग्राम बदलते कर्निंग वाचतच नाहीत आणि दोष फॉन्टचा वाटतो.