पत्रं, बायोडेटा आणि अधूनमधून अहवाल लिहायला स्वस्तातला वर्ड प्रोसेसर कोणता? आणि शिकायला सुरुवात कुठून करू?

स्वस्तातला कशाला, फुकटातलाच घ्या. तुम्ही लिहिलेल्या कामांसाठी पैसे मोजायची गरज नाही.

मी स्वतः बरीच वर्षं लिब्रे ऑफिस वापरतोय. त्यातला 'रायटर' म्हणजे वर्डच्या जागी वापरायचा प्रोग्राम. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर चालतो, खातं उघडावं लागत नाही, इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. फक्त त्यांच्या मूळ साइटवरूनच उतरवून घ्या, शोधात वर येणाऱ्या भलत्याच साइटवरून नको. 2010 साली लिब्रे ऑफिस हे ओपन ऑफिस या जुन्या फुकट संचातून फुटून वेगळं झालं. ओपन ऑफिसही अजून मिळतं, पण ते डॉकएक्स (म्हणजे वर्डची नेहमीची) फाइल उघडतं आणि डॉकएक्समध्ये सेव्ह मात्र करत नाही, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका.

दोघाचौघांनी मिळून एकच मजकूर लिहायचा असेल तर गूगल डॉक्स बरं. मायक्रोसॉफ्टचं खातं असेल तर वर्डही ब्राउझरमध्ये फुकट वापरता येतं, सोयी थोड्या कमी असतात इतकंच. रोज दुसऱ्यांच्या गुंतागुंतीच्या वर्ड फाइलींवर काम करावं लागत असेल, तरच विकतच्या वर्डचा विचार करा.

आता शिकण्याचं. बहुतेक जण बोल्ड, इटॅलिक, फॉन्ट यापासून सुरुवात करतात. ते दहा मिनिटांत येतं. खरी गोम अशी, की आपण वर्ड प्रोसेसर टाइपरायटरसारखा वापरतो. मीही वापरायचो. साठेक पानांच्या अहवालाची अनुक्रमणिका मी हाताने टिंबं देत देत टाइप केली होती, आणि प्रत्येक प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटर दाबत बसलो होतो. शेवटच्या दिवशी दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद वाढला. पुढची सगळी प्रकरणं अर्ध्या पानावर सुरू व्हायला लागली, अनुक्रमणिकेतला एकही आकडा जुळेना. ती रात्र त्यातच गेली.

ओळ संपली की मजकूर आपोआप खाली येतो, एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. दोन परिच्छेदांमधली जागा परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ठरवायची, रिकाम्या ओळी सोडून नाही. नवं पान हवं तर कंट्रोल आणि एंटर. स्पेसबार दाबून मजकूर मध्यावर आणू नका, त्याला वेगळं बटण आहे.

आणि स्टाइल. शीर्षक मोठं आणि ठळक केलं तर ते तुम्हाला शीर्षक दिसतं, प्रोग्रामला मात्र ती नुसती जाड अक्षरंच. त्याला 'हेडिंग 1' ही स्टाइल दिली (रायटरमध्ये कंट्रोल आणि 1) की त्यालाही कळतं. मग अनुक्रमणिका तो स्वतः बनवतो, आणि मजकूर पुढेमागे झाला की एका 'अपडेट'मध्ये आकडे दुरुस्त होतात. सगळ्या शीर्षकांचा रंग बदलायचा झाला तरी स्टाइलमध्ये एकदाच बदलायचा. माझ्या मते एवढं एक आलं की निम्मं काम शिकून झालं.

फाइल पाठवताना एक लक्षात ठेवा. तुमचा फॉन्ट समोरच्याच्या संगणकावर नसेल तर तिथे दुसराच येतो, ओळी सरकतात, एका पानाचा बायोडेटा दीड पानाचा होतो. नुसता वाचायला द्यायचा असेल तर पीडीएफ पाठवा, रायटरमध्ये त्याचं बटण वरच असतं. समोरच्याला त्यात बदल करायचे असतील तरच डॉकएक्स द्या. मूळ प्रत मात्र रायटरच्या स्वतःच्या ओडीटीमध्ये राहू द्या.

सरावासाठी नवं काही लिहू नका. स्वतःचीच एखादी जुनी फाइल उघडा आणि कंट्रोल आणि एफ10 दाबा. प्रत्येक स्पेसच्या जागी टिंब आणि प्रत्येक एंटरच्या जागी उलट्या पी-सारखी खूण दिसेल. जिथे या खुणा ओळीने चार-पाच दिसतील, तिथून साफसफाई सुरू करा.