मामांची वही

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत वैशालीने पर्समधून मोबाइल काढला आणि काही न बोलता एक फोटो माझ्यासमोर धरला. दोनशे पानी वहीचं एक पान होतं. पट्टीने आखलेले रकाने: नाव, वेळ, शेरा. अक्षर वळणदार.

'दूध. ६.१०. दहा मि. उशीर.'
'भांडीवाली बाई. ८.४०. पंचवीस मि. उशीर. कारण सांगितले नाही.'
'वैशाली. गेली ९.३५. आली ७.०५. पस्तीस मि. उशीर. कारण सांगितले नाही.'

"मॅडम, मी चोर आहे का हो?" एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

(संबंधितांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वैशाली एका पतसंस्थेत काम करते. नवरा एमआयडीसीत, शिफ्टची नोकरी. मुलगी सातवीत. सासरे दीड वर्षापूर्वी एसटीतून निवृत्त झाले. आमच्या साताऱ्याकडे सुना सासऱ्यांना 'मामा' म्हणतात, तीही तेच म्हणते. निवृत्तीनंतरचे पहिले दोन महिने बरे गेले. देवदर्शन झालं, पाहुण्यांकडे जाऊन झालं. मग मामा घरात बसले आणि घराचं घरपण गेलं, असं तिचं म्हणणं. गिझर किती वेळ चालू आहे, फोनवर कोण आहे, नातीच्या क्लासची रिक्षा उशिरा का आली, सगळ्यावर त्यांची नजर. "त्यांनी आवाज चढवला असता तर परवडलं असतं. ते नुसतं घड्याळाकडं बघतात," ती म्हणाली.

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कधी सून येते, कधी मुलगा, पुष्कळदा बायको. शब्द वेगळे असतात, गाऱ्हाणं एकच: 'निवृत्त झाल्यापासून घरात सारखं टोकणं, लक्ष ठेवणं चालू आहे. आम्ही काय करायचं?'

सगळ्यात आधी मी एक गोष्ट पाहते आणि ती तुम्हीही पाहावी. वागणं अचानक बदललंय की माणूस पूर्वीपासून तसाच आहे? झोप, भूक, आवडीच्या गोष्टींतला रस दोन आठवड्यांहून जास्त काळ गेलाय का? ओळखीची नावं, रस्ते विसरायला होतात का? ऐकू कमी येतं का? कमी ऐकू येणाऱ्या माणसाला आपल्यामागे कुजबुज चालली आहे असं सहज वाटू लागतं. उतारवयातलं नैराश्य दर वेळी रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतूनही दिसतं. यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. जगण्यात राम नाही, असं कुणी बोलून दाखवत असेल तर वाट बघू नका. सरकारची 'टेली-मानस' ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. मामांची तपासणी वैशालीच्या नवऱ्याने करून आणली. थोडी साखर होती, ती आधीपासूनचीच. बाकी सगळं ठीक होतं.

मग मी एक चूक केली. मामांना न भेटताच उपाय सांगितला: त्यांना गुंतवा. घरातली कामं द्या, एखादा छंद लागू दे. वैशालीने मनापासून करून पाहिलं. वीजबिल, मंडई, नातीला क्लासला सोडणं, हे सगळं त्यांच्याकडे दिलं. पहाटेच्या हास्यक्लबातही नाव घातलं. महिनाभर त्यांनी सगळं चोख केलं आणि एका रात्री जेवताना ताटावरून उठले. "मला या घरानं शिपाई केलाय," म्हणाले. हास्यक्लबात तर ते तीनच दिवस गेले होते.

त्यांचं खरं होतं. वेळ जावा म्हणून दिलेलं काम घेणाऱ्याला लगेच ओळखू येतं. त्यात सोय आपली असते, गरज त्याची नसते. त्यानंतर मी ठरवलं की ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला ऐकल्याशिवाय एक शब्दही सुचवायचा नाही.

मामा आले ते मुलाने आग्रह केला म्हणून. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. ठरल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी आले होते आणि मी पाच मिनिटं उशिरा दार उघडलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मी माफी मागितली. ते काही बोलले नाहीत, पण खुर्चीत थोडे सैल बसले.

घराविषयी मी काहीच विचारलं नाही. "एसटीत तुमचं काम नेमकं काय असायचं, काका?" एवढंच विचारलं. पुढची चाळीस मिनिटं ते बोलत होते.

ते कंडक्टर म्हणून लागले आणि वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, नियमाप्रमाणे अठ्ठावन्नाव्या वर्षी. स्टँडवरची ती जाळीची खिडकी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. आपण तिथे फक्त 'गाडी कधी लागणार?' एवढंच विचारायला जातो. आत बसलेल्या माणसाकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद असते. गाडी फलाटाला लागली की कंडक्टर आधी खिडकीशी येतो, एन्ट्री करतो आणि मग चहाला जातो. कुठली फेरी रद्द करायची, ब्रेकडाऊन झालेल्या गाडीचे प्रवासी कुठल्या गाडीत बसवायचे, आषाढीला जादा गाड्या कशा सोडायच्या, सगळं त्यांच्या बोलण्यात येत होतं. नोकरीत १ जूनला एसटीचा वर्धापनदिन असला की ते हटकून नवा शर्ट घालायचे. १९४८ साली त्या तारखेला नगर-पुणे मार्गावर पहिली एसटी धावली, हे सांगताना त्यांचा चेहरा उजळला होता.

मग आवाज खाली आला. "एका पावसाळ्यात मुक्कामी गाडी आलीच नाही. घाटात दरड आली होती. तेव्हा मोबाइल नव्हते. रात्रभर मी पुढच्या-मागच्या स्टँडला फोन लावत बसलो. ड्रायव्हरची बायको खिडकीशी येऊन उभी होती. पहाटे गाडी आली, सगळे सुखरूप होते. पण ती रात्र मी अजून विसरलेलो नाही."

थोडा वेळ ते गप्प बसले. "आता घरातनं तीन माणसं रोज बाहेर पडतात, मॅडम. कोण कधी गेलं, कधी येणार, मला कुणी सांगत नाही. कुणी एन्ट्रीच करत नाही. सात वाजून गेले की माझ्या पोटात गोळा येतो. मी विचारू कुणाला?"

वहीचा अर्थ मला तिथे कळला. वैशालीला ज्यात संशय दिसत होता, त्यात या माणसाची काळजी होती. ती त्याला त्याच्याच कामाच्या भाषेत व्यक्त करता येत होती, कारण दुसरी भाषा त्याने कधी वापरलीच नव्हती. 'कारण सांगितले नाही' हा शेरा मी पुन्हा वाचला. तो आरोप होता, तसंच एक दुखणंही होतं.

दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना आपण त्याची परिस्थिती कमी धरतो आणि स्वभाव जास्त धरतो. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या चुकीला नाव दिलं. चूक मात्र घराघरातली आहे. वैशाली म्हणायची, 'त्यांचा स्वभावच संशयी.' मामा म्हणायचे, 'तिला मोठ्यांची किंमत नाही.' तिला उशीर व्हायचा तो महिनाअखेरच्या हिशेबामुळे. ते घड्याळ बघायचे ते धास्तीने. हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, कारण दीड वर्षात याविषयी ते एकमेकांशी एकदाही थेट बोलले नव्हते. वैशाली नवऱ्याला सांगायची, नवरा रात्री उशिरा वडिलांना काहीतरी गुळमुळीत बोलायचा, वडील त्याच्याकडूनच निरोप द्यायचे. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञाने कुटुंबातल्या अशा त्रिकोणाविषयी लिहिलं आहे. दोघांमधला ताण असह्य झाला की तिसरा ओढला जातो. त्याने क्षणभर बरं वाटतं आणि मूळचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. इथला तिसरा, म्हणजे वैशालीचा नवरा, माझ्याकडे एकदा आला तेव्हा म्हणाला, "मला कंपनीतली नाइट शिफ्ट घरापेक्षा बरी वाटते."

आणखी एक गोष्ट मामा बोलले नाहीत, पण मला दिसत होती. एसटीतून निवृत्त झालेल्यांना सरकारी कर्मचाऱ्यांसारखं निवृत्तिवेतन मिळत नाही. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतून जे हातात येतं त्यात घर चालत नाही. ज्या माणसाने तीस वर्षं पगार आणून बायकोच्या हातात दिला, त्याला आता औषधासाठी मुलाकडे पाहावं लागतं. अशा वेळी वही आणि पेन एवढंच आपलं उरलं, असं वाटणं मी समजू शकते.

समजू शकते, पण त्यामुळे वैशालीचा त्रास खोटा ठरत नाही. हे मी मामांना स्पष्ट सांगितलं आणि इथेही तितकंच स्पष्ट सांगते. काळजीपोटी का होईना, मोठ्या माणसाच्या येण्या-जाण्याची नोंद ठेवली की त्याला आरोपीसारखं वाटतं. 'त्यांच्या मनात तसं नसतं' एवढं सांगून सुनांना गप्प बसवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मला ती मान्य नाही.

वैशालीशी आम्ही एकाच वाक्यावर काम केलं. 'तुम्ही नेहमी' ने सुरू होणारं सगळं वगळलं. उरलं ते असं: "मामा, त्या वहीत माझं नाव बघितलं की मला फार वाईट वाटतं. ते लिहू नका. मला उशीर होणार असला तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन." नवऱ्याकडून निरोप नाही, स्वतः, समोर बसून सांगायचं.

तिने सांगितलं. त्यानंतर चार दिवस मामा तिच्याशी बोलले नाहीत. ताट खोलीत मागवून घेतलं. वैशालीचा मला फोन आला, "मॅडम, होतं तेच बरं होतं." मी तिला एवढंच म्हटलं की तुझ्या शब्दाला तू जाग, ते बोलोत न बोलोत. पाचव्या दिवशी पतसंस्थेत हिशेब जुळेना. तिने साडेसहाला घरच्या नंबरावर फोन लावला. "मामा, आज साडेआठ होतील. नीताची गाडी आहे, तिच्याबरोबर येते." पलीकडून फक्त "बरं" असं आलं. ती घरी पोचली तेव्हा फाटकावरचा दिवा चालू होता आणि मामा झोपायला गेले होते. दीड वर्षात पहिल्यांदा ती यायच्या आत ते झोपले होते.

त्या रात्री काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पुढे दोनदा तरी जुन्या गोष्टी उकरल्या गेल्या. एकदा वैशाली फोन करायला विसरली आणि घरात मोठं भांडण झालं. पण ते भांडण दोघांत झालं, तिसऱ्याला मध्ये न घेता. माझ्या दृष्टीने ते मोठं पाऊल होतं. नातीने आजोबांना फोनवर संदेश पाठवायला शिकवलं. आता ती क्लासला पोचली की 'पोचले' एवढंच लिहिते. आषाढी जवळ आली तशी गल्लीतली माणसं पंढरपूरच्या जादा गाड्या विचारायला यायला लागली. कुठून बसायचं, कुठल्या वेळेला गर्दी कमी असते, मामा ओट्यावर बसून सांगत होते. हे काम त्यांना कुणी दिलं नव्हतं. लोकांना खरोखर गरज होती म्हणून ते आपणहून चालत आलं.

वहीतून वैशालीचं नाव गेलं. दूधवाला अजून आहे. त्याला मी हात लावला नाही.

या सगळ्यात जिच्याविषयी माझ्याकडे कुणीच आलं नाही, ती म्हणजे मामांची बायको. वैशालीबरोबर त्या एकदा सहज आल्या आणि कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. निघताना दाराशी थांबल्या. "तीस वर्षं हे ड्युटी करून घरात नुसते झोपायला आले. पोरांची आजारपणं, सणवार, लग्नं, सगळं मी निभावलं. आता स्वयंपाकघरात उभं राहून सांगतात, कुकरच्या तीनच शिट्ट्या कर. एवढी वर्षं मी किती शिट्ट्या केल्या, त्या कुणी मोजल्या होत्या का?"

मी त्यांना बसायला सांगितलं. वैशालीला बाहेर थांबायला सांगितलं. त्या दिवशी त्या तासभर बोलल्या आणि बोलताना एकदाही रडल्या नाहीत. नवरा घरी आला याचा आनंद आहे, आणि आपलं राज्य गेलं याचं दुःखही आहे, हे दोन्ही त्यांना पहिल्यांदाच कुणासमोर मोठ्याने म्हणता आलं. मामांना तोपर्यंत यातलं काहीच माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी अकराला ते दोघं येणार आहेत. वेळ मामांनीच फोन करून घेतली.