तेराव्यानंतर कोण येतं?

प्रश्न : शेजारचा दादा खलाशी होता. गणपतीनंतरच्या वादळात होडीवरून पडला, प्रेत मिळालं नाही. तीन महिने झाले. भावकी म्हणते, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या. वहिनी ऐकत नाही, रोज संध्याकाळी बंदरावर जाऊन बसते. आम्ही काय करावं? (हर्णै)

उत्तर : वहिनीचं काही बिघडलेलं नाही. प्रेत पाहिल्याशिवाय मन मरण मानत नाही. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांवर काम केलेल्या पॉलिन बॉस यांनी या अवस्थेला जे नाव दिलं, ते मराठीत 'संदिग्ध वियोग' असं म्हणता येईल. माणूस गेलाही नाही आणि आहेही नाही, अशा घरात नेहमीचं सांत्वन चालत नाही. 'येईल गो, धीर धर' म्हणू नका आणि 'तो आता येत नाही, समजून घे' असंही म्हणू नका. पहिल्याने ती आणखी अडकते, दुसऱ्याने तुमच्याशी बोलायची थांबते. 'दादाचा पत्ता लागलेला नाही, आणि घरही चालवायचंय' असं दोन्ही एका दमात म्हणावं. बंदरावर जाते तर जाऊ द्या. कुणीतरी शेजारी बसा, बोलायची गरज नाही, दिवेलागणीला सोबत घरी या.

पुतळ्याची क्रिया धर्मात आहे, पण कधी करायची ते तिने ठरवावं. भावकीला सुतकाची अडचण असेल, तर भटजींशी वडीलधाऱ्यांनी बोलावं, तिला मध्ये ओढू नये.

घाई करायचीच तर कागदांची करा. सागरी पोलीस ठाण्यातल्या बेपत्ता नोंदीची प्रत, होडीचा नोंदणी क्रमांक, त्या फेरीला होडीवर कोण कोण होतं त्यांची यादी, तांडेलाचा (होडीच्या प्रमुखाचा) आणि सोबतच्या खलाशांचा लेखी जबाब, विमा असेल तर त्याची पावती हे सगळं एका फाइलीत ठेवा. एक संच मच्छीमार सोसायटीत द्या. हंगाम संपला की खलाशी आपापल्या मुलखात जातात, मग जबाब द्यायला माणूस मिळत नाही, आणि नेमकं इथेच बहुतेक प्रकरणं अडतात. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ प्रमाणे, ज्याची सात वर्षं काहीच खबर नाही तो जिवंत आहे असं जो म्हणेल, त्यानेच ते सिद्ध करायचं असतं. पण सात वर्षं भरली म्हणून मृत्यूचा दाखला आपोआप हातात पडत नाही, त्यासाठी बहुधा कोर्टात जावं लागतं. भक्कम पुरावा असेल तर त्याआधीही मृत्यू सिद्ध करता येतो. मात्र बेपत्ता नोंद म्हणजे त्याला मेला म्हणणं नव्हे, हे वहिनीला आधी नीट सांगा, नाहीतर ती सही करणार नाही.

आणि 'काय लागलं तर सांग' हे वाक्य वाडीतून हद्दपार करा. जिला अंघोळीचंही सुचत नाही, ती काय सांगणार? सुतकात सगळ्या घरांतून जेवण येतं, नंतर कुणी फिरकत नाही. बाजार एका घराने, पोरांची शाळा दुसऱ्याने, सरकारी कचेरीतल्या खेपा तिसऱ्याने, असं वाटून घ्या आणि 'मंगळवारी मी बाजार आणते' असं वार धरून तिला सांगा.

प्रश्न : बाबांना जाऊन चार महिने झाले. मी मुंबईला, आई गावी एकटी. ती अजून दोन ताटं वाढते, पडवीत बाबांचा खोकला ऐकू येतो म्हणते. डोक्यावर परिणाम झालाय का? इथे घेऊन येऊ का? (चाकरमानी, राजापूर तालुका)

उत्तर : वेल्समधले डॉक्टर रीस यांनी १९७१ साली २९३ विधवा-विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवत होतं, कुणाला दिसत होता, कुणाला ऐकू येत होता. तेव्हा खोकल्याची चिंता नको, चिंता दुसऱ्या ताटाची करा. ती स्वतः जेवते का? पोलकी सैल झाली आहेत का? बीपीच्या गोळ्यांचं पाकीट वेळेवर संपतं का? फोनवर 'कशी आहेस?' विचारलंत तर 'बरी आहे' एवढंच ऐकाल. 'आज पेजेबरोबर काय होतं?' असं विचारा.

'मलाही न्या' असं ती वारंवार म्हणत असेल तर सरळ विचारा, 'आई, जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आंब्याच्या कलमांवर फवारायची औषधं त्याच दिवशी घरातून हलवा आणि तिला एकटी ठेवू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. शोक हा आजार ठरायला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान सहा महिने लागतात, आणि रोजचे व्यवहारही ठप्प झालेले असावे लागतात.

मुंबईला पंधरा दिवस आणा, परतीचं तिकीट काढून. कायमचं हलवायचा निर्णय वर्षभर नको. चाळीतल्या खोलीत तिला खळं नाही, शेजार नाही, नवऱ्यामागोमाग तेही जातं. पंप, लाइट बिल, बँक ही बाबांची कामं तुम्ही सगळी उचलू नका. दर महिन्याला एक तिला शिकवा. गणपतीत घर भरेल, विसर्जन झालं की रिकामं होईल, तेव्हा एकाने दोन दिवस मागे राहावं.

प्रश्न : सहा वर्षांच्या नातवाला 'आजोबा झोपलेत' असं सांगितलं. आता तो रात्री झोपायला घाबरतो. (मालवण)

उत्तर : घाबरणारच! 'आजोबा मेले. त्यांचं शरीर बंद पडलं, आता त्यांना दुखत नाही, भूकही लागत नाही. झोपलेला माणूस सकाळी उठतो, ते उठणार नाहीत' असं स्पष्ट सांगा. तो हेच दहादा विचारेल, तेच उत्तर त्याच शब्दांत द्या. मध्येच खेळायला पळाला तर पळू द्या. पोरांचं दुःख तुकड्यातुकड्यांनी येतं. काही दिवस रात्री दिवा चालू ठेवा.