गेरू, निकेल आणि उन्हातला हायड्रोजन

प्रश्न : माझं निकेल प्लेटिंगचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा म्हणतो, उन्हावर पाण्यातून हायड्रोजन काढायच्या पट्टीवरही निकेल चढवतात. मग आमच्यासारखा जाड, चकचकीत थर का देत नाहीत? (मकरपुरा, वडोदरा)

उत्तर : चकचकीत झाला की ऊन आल्या पावली परत! ऊन प्यायचं ते खालच्या अर्धवाहकानं, म्हणजे ऊन शोषून विद्युतभार सोडणाऱ्या पदार्थानं. निकेलचं काम वेगळंच. उन्हामुळे सुटलेला विद्युतभार पाण्यापर्यंत पोचायच्या आत बराचसा आतल्या आत जिरतो, कारण पाण्यातून ऑक्सिजन सोडवणं हे चार इलेक्ट्रॉनांचं रेंगाळणारं काम. निकेल इथे उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न खर्ची पडता क्रियेला वेग देणारा; तो ते चटकन उरकतो. त्याला काही नॅनोमीटरचा थर पुरतो, विखुरलेले ठिपकेसुद्धा चालतात.

गंमत पुढे आहे. तुमच्या बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, लोखंड उतरलं की माल खरखरीत येतो आणि तुम्ही बाथ साफ करत बसता. इथे उलटं. अल्कधर्मी द्रावणात निकेल ऑक्साइडमध्ये किंचित लोखंड शिरलं, तर ऑक्सिजन कितीतरी सहज सुटतो. १९८७ मध्येच हे नोंदलं गेलं होतं. निकेलच्या नावावर जमा असलेलं बरंचसं कर्तृत्व द्रावणातून आलेल्या लोखंडाचं निघालं.

प्रश्न : अशा पट्टीत ऊन प्यायला हेमॅटाइट हे लोखंडाचं ऑक्साइडही वापरतात म्हणे. ते म्हणजे आपला रांगोळीखालचा गेरूच ना? मग तोच काचेवर सारवला तर? (विद्यार्थिनी, दांडिया बाजार)

उत्तर : गेरूचा लाल रंग त्याचाच. पण वाळलेल्या गेरूवरून बोट फिरव, लाल होतं. म्हणजे कण एकमेकांना धड चिकटलेलेच नाहीत. विद्युतभार जाणार कुठून? म्हणून प्रयोगशाळेत तो वीजवाहक काचेवर भट्टीत भाजून बसवतात. तरीही त्यातला धनभार जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर चालतो आणि ऊन शोषायला त्याच्या कैक पट जाडी हवी. वर कोबाल्ट-फॉस्फेट हा स्वस्त उत्प्रेरक लावला तर पृष्ठभागावरचा खोळंबा सुटेल, पोटातला नाही. स्वस्त उत्प्रेरकाला सर्वरोगहारी समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

प्रश्न : उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनमचं काय वाईट? (रावपुरा)

उत्तर : किंमत, दुसरं काही नाही. फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांच्या, उजेडावर पाणी फोडण्याच्या १९७२ च्या गाजलेल्या प्रयोगातही उजेड पिणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडसमोर प्लॅटिनमच होतं. हायड्रोजनच्या बाजूला निकेल-मॉलिब्डेनम बरंच जवळ येतं, पण ते अल्कधर्मी द्रावणातच ठेवा, आम्लात विरघळतं.

प्रश्न : आमच्या गच्चीवर हे कधी येणार? (निवृत्त वाचक)

उत्तर : काका, गच्चीवर सोलर पॅनेल बसवा आणि वीज घ्या. हायड्रोजन लागतो तो वडोदऱ्याजवळच्या कोयलीच्या रिफायनरीला, डिझेलमधलं गंधक काढायला. आणि उत्तरायणाला नातवंडं पतंग घेऊन वर धावतील, तेव्हा शेजारी हायड्रोजनची टाकी? नकोच.